वाळक्या फांदीतली ढोली: एका सोसायटीतलं तांबटाचं प्रकरण

पुण्यातली आमची सोसायटी जुनी आहे. तीन मजली इमारती, मधे मोकळी जागा आणि त्या जागेत एक मोठा गुलमोहर. त्याची एक आडवी फांदी मागच्या पावसाळ्यापासून वाळलेली होती. तिच्याखाली दुचाक्या लागतात आणि संध्याकाळी मुलं खेळतात. जानेवारीतल्या बैठकीत ती फांदी उतरवायचा ठराव झाला आणि तो रास्तच होता. गुलमोहराचं लाकूड मुळात मऊ असतं, वाळलं की ठिसूळ होतं. वळवाच्या वाऱ्यात गुलमोहर मोडून गाड्यांवर पडल्याच्या बातम्या पुण्यात दर उन्हाळ्यात येतात. छाटणीच्या परवानगीसाठी महापालिकेकडे अर्ज गेला. परवानगी हातात आली तोवर फेब्रुवारी उजाडला होता, आणि त्याच फांदीच्या पोटाला तांबट पक्ष्याच्या जोडीने ढोली कोरायला घेतली होती.

पुढे काय झालं ते तपशिलात लिहिते आहे, कारण असे ठराव सगळ्याच सोसायट्यांत होतात आणि गाडं एकाच जागी अडतं. शिंजीराचं लोंबतं घरटं दाखवता येतं, होल्याच्या चार काड्याही दाखवता येतात. ढोलीतलं घरटं कुणालाच दिसत नाही. जे दिसत नाही त्यासाठी मंजूर झालेलं काम थांबवायचं, तर आधार कशाचा घ्यायचा?

माघातल्या खुणा

आधार आधीपासून गोळा होत होता. पंचांगाप्रमाणे वसंत चैत्रात लागतो, पण वसंत पंचमी येते माघात, म्हणजे शिशिरात. बागेतल्या पक्ष्यांकडे पाहिलं की मला माघाची तिथीच खरी वाटते. दख्खनच्या पठारावर वसंताची पहिली खूण म्हणजे पानगळ. झाडं आधी मोकळी होतात, मग उघड्या फांद्यांवर फुलतात. जानेवारीच्या शेवटाला रस्त्याकडेची काटेसावर, तिच्यामागून पांगारा आणि टेकडीवरचा पळस. त्या फुलांवर पळसमैनांचे, म्हणजे भोरड्यांचे, थवे कलकलाट करत उतरतात. त्यांचं विणीचं घर मध्य आशियाकडे आहे. इथे त्या परतीच्या प्रवासाआधी पोट भरून घेत असतात. आपल्याकडचे पक्षी मात्र त्याच दिवसांत इथल्या संसाराला लागलेले असतात.

कुंडीतल्या जास्वंदीवर येणाऱ्या जांभळ्या शिंजीराचंच बघा. वीण संपल्यावर नर मादीसारखा फिका पिवळसर होतो, गळ्यापासून पोटापर्यंत एक गडद पट्टा तेवढा उरतो. थंडी सरता सरता त्या पिवळ्यात निळ्या-जांभळ्या चकाकीचे तुकडे दिसू लागतात. काही दिवस तो अगदी ठिगळं लावल्यागत दिसतो आणि मग एका सकाळी पूर्ण रंगात येऊन गातो. पाण्याच्या टाकीवरून दयाळाची शीळ उजाडायच्या आधी ऐकू येऊ लागते.

तांबट थंडीत जवळजवळ गप्प असतो. सकाळी झाडाच्या शेंड्याला, उघड्या काटकीवर, ऊन खात बसतो तेवढाच दिसतो. संक्रांत झाली की त्याचं टुक टुक सुरू होतं. सुरुवातीला पाच-सात ठोके आणि थांबला. उन्हं तापतील तशी माळ लांबत जाते, आणि मिनिटाला शंभरावर ठोके तो सलग देतो. चोच मिटलेलीच असते. गळ्याच्या दोन बाजूंची उघडी कातडी प्रत्येक ठोक्याला फुगते. मान इकडेतिकडे वळवत असल्यामुळे आवाज नेमका कुठून येतो ते कळत नाही. जेमतेम १७ सेंटिमीटरचा हा हिरवा पक्षी, कपाळ आणि गळा लाल, डोळ्याभोवती पिवळं, पोटावर हिरव्या रेघा. पुण्यामुंबईत राहणाऱ्या प्रत्येकाने तो ऐकलेला असतो, पाहिलेला मात्र फार थोड्यांनी.

आपल्या देशात सीझनवॉच नावाचा एक उपक्रम आहे. त्यात लोक एखादं झाड निवडतात आणि दर आठवड्याला त्याची पानं, फुलं, फळं नोंदवतात. आमच्या गुलमोहराची मी तशीच नोंद ठेवते आणि तिच्याच बाजूला पक्ष्यांची. जुनी पानं उघडून पाहिली तर तांबटाचा ठोका लांबल्यानंतर काही आठवड्यांतच कोरकाम सुरू झालेलं दिसतं. त्यामुळे यंदा रथसप्तमीच्या सुमाराला मी सोसायटीतल्या वाळक्या फांद्यांवर नजर ठेवून होते.

स्कूटरच्या सीटवरचा भुसा

पहिला पुरावा मात्र आमच्या वॉचमन मामांनी आणला. रोज सकाळी दोन स्कूटरच्या सीटवर लाकडाचा भुसा पडलेला त्यांना दिसत होता. "ताई, फांदीला वाळवी लागलीय, पडणार ही," ते म्हणाले. मी भुसा हातावर घेऊन पाहिला. वाळवी असती तर मातीच्या नळ्या दिसल्या असत्या. लाकूड पोखरणाऱ्या भुंगेऱ्याचा भुसा पिठासारखा बारीक असतो. हे तांदळाच्या कण्यांहून मोठे, ताजे, कोरडे कपटे होते आणि ते एकाच रेषेत खाली पडत होते. मान वर केली. फांदीच्या खालच्या अंगाला, लिंबू जेमतेम आत जाईल एवढं वाटोळं भोक होतं आणि त्यातून एक हिरवी शेपूट बाहेर आलेली होती.

तांबट वाळक्या आडव्या फांदीच्या पोटालाच भोक का पाडतो, याचं उत्तर फांदीखाली उभं राहिलं की मिळतं. वरून पाणी आत जात नाही, आणि खारीला किंवा भारद्वाजाला उलटं लटकून आत शिरणं जड जातं. नर-मादी दोघंही कोरतात, पाळीपाळीने. त्यांची चोच आखूड आणि जाड असते, सुताराच्या पटाशीसारखी चोच सुतारपक्ष्याला मिळालेली आहे, यांना नाही. म्हणून यांना बुरशीने भुसभुशीत केलेलं मेलेलं लाकूड लागतं. हिरवी, धडधाकट फांदी यांच्या उपयोगाची नाही. शहरात झाडं भरपूर दिसली तरी वाळकी फांदी आपण आधी उतरवतो, आणि तांबटाच्या दृष्टीने तेवढीच एक जागा झाडावर असते. ही ढोली पुढे इतरांच्याही कामाला येते. सलीम अलींना लहानपणी पक्ष्यांच्या अभ्यासाकडे वळवणारी ती पिवळ्या गळ्याची चिमणी स्वतः ढोली कोरत नाही, सुतारपक्ष्यांनी आणि तांबटांनी सोडलेल्या ढोल्यांत घरटं करते.

बैठक

छाटणीवाला दोन दिवसांत येणार होता, म्हणून कमिटीची बैठक लगेच घ्यावी लागली. सचिव तरुण आहे आणि त्याचं म्हणणं सरळ होतं. "काकू, मला पक्ष्यांचं वावडं नाही. पण फांदी पडून कुणाच्या डोक्याला लागलं तर सही माझी आहे. तुम्ही असं करा, पिल्लं दिसली की सांगा, त्या दिवशी काम थांबवतो."

ऐकायला हा तोडगा समंजस वाटतो आणि बहुतेक ठिकाणी हाच निघतो. ढोलीच्या बाबतीत तो कुचकामी आहे. ढोलीतलं पिल्लू बाहेरून दिसायला लागतं ते अगदी शेवटी, उडायला थोडे दिवस राहिले असताना. अंडी आणि उघडीबोडकी पिल्लं यांचा सगळा काळ बाहेरच्याला रिकामं भोकच दिसतं. त्या काळात फांदी कापली तर कापणाऱ्याला ती जमिनीवर फुटल्यावरच कळतं की आत काय होतं. मी हे बैठकीत याच शब्दांत सांगितलं.

तळमजल्यावरच्या वहिनींनी लाकडी घरटी टांगायचं सुचवलं. खर्च त्या स्वतः करणार होत्या. इंग्लंड-युरोपातल्या बागांचे व्हिडिओ पाहून ही कल्पना सगळ्यांच्या मनात असते, आणि तिकडे ती चालतेही. तिथला ग्रेट टिट हा बागेतला पक्षी पेट्यांमध्ये इतका सहज राहतो की ऑक्सफर्डजवळच्या वायटम वुड्स या जंगलात १९४७ पासून त्याच्या पेट्यांची अखंड नोंद आहे. वसंत लवकर ऊबदार होऊ लागला तशी तिथे अंडी घालायची वेळही अलीकडे सरकलेली त्या नोंदींतून दिसली. पण तो पक्षी तयार पोकळी शोधणारा आहे. तांबटाला स्वतः कोरायचं असतं. वहिनींच्या पेटीत चिमणी येईल, दयाळ येईल, तांबटाची जोडी तिच्याकडे वळण्याची आशा फार थोडी.

कायद्याचा विषय अध्यक्षांनी काढला. झाडाच्या बाबतीत महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम १९७५ आहे, आणि त्याखालची परवानगी आमच्याकडे होती. घरट्याच्या बाबतीत वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ बघावा लागतो. त्यात शिकारीची जी व्याख्या आहे तिच्यात पक्ष्यांची अंडी फोडणं आणि अंड्यांना वा घरट्याला उपद्रव देणंही येतं. झाड छाटायची परवानगी घरटं मोडायची परवानगी होत नाही, हे कळल्यावर बैठकीचा सूर बदलला. तरी मला कायद्याच्या धाकापेक्षा तारखांवर निर्णय व्हायला हवा होता, कारण धोका खरा होता आणि मुलं रोज त्या फांदीखाली खेळत होती.

म्हणून तारखा मांडल्या. कोरकाम चालू आहे, म्हणजे अंडी अजून नाहीत. अंडी साधारण महाशिवरात्रीच्या आसपास येतील. ती तीन-चार असतात आणि उबायला अंदाजे दोन आठवडे लागतात. म्हणजे होळीच्या सुमाराला पिल्लं. त्यानंतर पिल्लं ढोलीत बराच काळ राहतात, तेव्हा उडायला हनुमान जयंती उजाडेल. पुण्यात वळवाचा जोर एप्रिलच्या उत्तरार्धात आणि मे महिन्यात. दोन तारखांमध्ये अंतर कमी होतं, पण होतं. फेब्रुवारी-मार्चमध्ये पुण्यात सहसा वादळी वारा नसतो, आणि पानं नसलेली फांदी वारा कमी धरते.

त्याच वेळी मी दुसरी बाजूही सांगितली. फांदी उतरवायचीच असेल तर आज, कोरकाम चालू असताना, उतरवणं त्यातल्या त्यात बरं. जोडीकडे दुसरी जागा शोधायला वेळ आहे. एका महिन्याने तो नसेल. अडचण एवढीच की आवारात दुसरी वाळकी फांदीच नव्हती.

शेवटी ठरलं ते असं. दुचाक्या मागच्या भिंतीकडे न्यायच्या, फांदीखाली दोर बांधून जागा बंद करायची, मुलांना गच्ची उघडून द्यायची. फांदीला वरच्या जिवंत फांदीशी जाड दोराने आधार द्यायचा, तो ढोलीपासून लांब, टोकाकडे. पहिली पिल्लं उडाली की लगेच, दुसरी अंडी पडायच्या आत, ढोलीच्या पुढचा जड भाग कापायचा आणि बुंध्याकडचा खुंट ठेवायचा. तांबट वर्षात बहुधा लागोपाठ दोन विणी काढतात, त्यामुळे ही मधली फट फार अरुंद असते. ती ओळखायची जबाबदारी माझ्यावर आली.

आत न डोकावता

मोबाइल काठीला बांधून ढोलीत कॅमेरा घालायची सूचना दोन मुलांनी केली. ती मी मोडून काढली. अशा छेडण्याने जोडी अंडी सोडून जाऊ शकते, आणि आपण काय बघतोय ते पाहून कावळाही शिकतो. दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून दुर्बीण पुरेशी होती.

ढोलीचा प्रत्येक टप्पा बाहेरून वेगळा दिसतो, एवढं धीराने बघितलं तर. कोरकामात भुसा पडतो, आणि नुसती शेपूट दिसणारा पक्षी दिवसेंदिवस आत जात राहतो. मग तो पूर्ण आत वळू शकतो आणि तोंड बाहेर काढून चोचीतले कपटे फेकतो, याचा अर्थ आतली खोली तयार झाली. महाशिवरात्रीच्या आदल्या आठवड्यात भुसा थांबला. फांदीवर सामसूम. "गेले बहुतेक सोडून," असं मामा म्हणाले, आणि हाच तो क्षण असतो ज्यात बऱ्याच फांद्या कापल्या जातात. पण सामसूम पूर्ण नव्हती. बराच वेळ काहीच घडायचं नाही, मग एक पक्षी शेजारच्या फांदीवर येऊन हलकेच ठोका द्यायचा, आतला भोकातून निसटून जायचा आणि आलेला आत शिरायचा. नर-मादी दोघंही उबवतात आणि त्यांचे रंग सारखेच, त्यामुळे पाळी बदलताना दोघं एकदम दिसले नाहीत तर एकच पक्षी ये-जा करतोय असं वाटतं. अंडी आहेत याची माझ्या लेखी हीच खात्रीची खूण.

होळीच्या आदल्या दिवशी चित्र पालटलं. आत जाणारा पक्षी आता रिकाम्या चोचीने येत नव्हता. सुरुवातीला चोचीत किडे दिसले, नंतर बहुतेक फळंच. मागच्या गल्लीत एक उंबर आहे आणि जोडीच्या बहुतेक खेपा तिकडूनच व्हायच्या. वड, पिंपळ, उंबर ही तांबटाची मुख्य शिदोरी. यांची फळं वेगवेगळ्या झाडांवर वेगवेगळ्या वेळी पिकतात, त्यामुळे युरोपातल्या पक्ष्यांसारखं सुरवंटांच्या एका छोट्या हंगामावर यांचं सगळं अवलंबून नसतं. मला वाटतं, म्हणूनच आपल्याकडे तांबटाची वीण तारखेला इतकी घट्ट बांधलेली नाही आणि म्हणूनच पंचांग बघून छाटणी ठरवता येत नाही. उंबराचं ते झाड आमच्या आवाराबाहेर आहे. ते नसतं तर ही ढोली वाचवून फार काही साधलं नसतं, हेही बैठकीत सांगायला हवं असतं असं राहून राहून वाटतं.

बाहेर पडणाऱ्या पक्ष्याच्या चोचीत पिल्लांची घाण असायची. ती दूर नेऊन टाकायची. खार दोनदा फांदीवर उतरली, तेव्हा आतल्या पक्ष्याने भोकातच डोकं अडकवून चोच पुढे केली आणि ती परत गेली. गुढीपाडव्यानंतर ऊन असह्य झालं. दुपारी खेपा कमी व्हायच्या. जाड लाकडाच्या पोटात बाहेरच्याइतकं तापत नाही, पातळ पत्र्याच्या किंवा प्लायच्या पेटीत तेच पिल्लू भाजून निघालं असतं.

रामनवमीनंतर भोकात पहिलं डोकं दिसलं. कपाळ लाल नव्हतं, गळाही नाही, सगळं मळकट हिरवं. पोरगं आहे हे ओळखायला तेवढं पुरे. त्या दिवशी सचिव स्वतः दुर्बीण घेऊन गॅलरीत आला. "काकू, मी तर आजच काम थांबवलं असतं," तो म्हणाला, आणि त्याच्या मूळ तोडग्यात किती उशीर होता ते मला पुन्हा सांगावं लागलं नाही.

हनुमान जयंतीच्या आसपास दोन पिल्लं उडाली.

कापणी आणि नंतर

आता घाई होती. पिल्लं गेली तरी जोडी रात्री त्याच ढोलीत झोपायला येत होती, आणि दुसरी अंडी कधीही पडली असती. दिवसा आत कुणी नाही याची खात्री करायला मी सकाळभर बसले. भर दुपारी, पक्षी उंबराकडे असताना, छाटणीवाल्याने आधी टोकाकडचे लहान तुकडे दोराने उतरवले, मग ढोलीपासून हातभर अंतर सोडून फांदी कापली. कापलेल्या भागाचं वजन पाहून कमिटीतल्या सगळ्यांनाच हायसं वाटलं. बुंध्याकडचा खुंट जाड आणि आखूड राहिला, त्याला वारा लागायला काही उरलं नव्हतं. उतरवलेल्यातला एक चांगला ओंडका आम्ही कडुलिंबाला उभा बांधून ठेवला.

जोडी त्या संध्याकाळी फिरकली नाही. दुसऱ्या दिवशी एक पक्षी येऊन बराच वेळ खुंटावर बसला, मग आत गेला. त्यानंतर झोपायला येणं सुरू राहिलं. दुसरी वीण मात्र त्या ढोलीत झाली नाही. अक्षय्य तृतीयेनंतर त्यांनी खुंटावरच, बुंध्याच्या अंगाला, नवं भोक पाडायला घेतलं, अर्धवट कोरलं आणि सोडून दिलं. करवतीचा धक्का हे त्याचं कारण असावं असं माझं मत आहे. एक वीण पदरात पडली आणि एक बहुधा गेली, हा या तोडग्याचा खरा हिशेब. मुलं खाली खेळत असताना याहून जास्त मागणं मला योग्य वाटलं नसतं.

मे महिन्यात दोन जोरदार वळीव झाले. खुंट टिकला. गुलमोहर नेहमीसारखा लाल झाला आणि दुचाक्या पुन्हा जुन्या जागी आल्या.

सोसायटीच्या कामाच्या वहीत यामुळे एक बदल झाला आहे. झाडांची पाहणी आता दिवाळीनंतर होईल, आणि वाळक्या फांद्या उतरवायच्या असतील तर त्या मार्गशीर्षात, तांबटाचा ठोका सुरू व्हायच्या आधी. होल्यांची वीण बारा महिने चालते, त्यामुळे तेव्हाही आधी बघूनच कुऱ्हाड लावायची. रस्त्यावर किंवा खेळाच्या जागेवर येत नसलेली वाळकी फांदी पूर्ण न काढता आखूड करून ठेवायची, यावर बहुमत झालं. एकमत झालेलं नाही. खुंट कुजत जाणार हे उघड आहे आणि अध्यक्षांच्या मते तो यंदाच काढावा. झाडांची तपासणी करणारा जाणकार माणूस बोलावून, लाकूड ठोकून बघून, दिवाळीनंतरच्या बैठकीत त्याचा निर्णय व्हायचा आहे. त्या बैठकीसाठी ढोलीच्या नोंदींची एक प्रत मी सचिवाकडे दिली आहे.